हिप्परगा तलावावर चैत्रात काय दिसतंय? (आणि तो वांगी रंगाचा कोण?)

शेळगीकरीण | २३ मार्च, सकाळी १०.४०

नमस्कार मंडळी. मी पक्ष्यांतली जाणकार वगैरे अजिबात नाही. चिमणी, कावळा, पोपट आणि जे पांढरं ते बगळा, एवढ्यावर माझी चाळीस वर्षं भागली. यंदा लेकीला शाळेतून 'आपल्या परिसरातील पाणथळ जागा' असा प्रकल्प मिळाला. म्हणजे मला मिळाला. गेले तीन रविवार आम्ही दोघी सकाळी सहाला स्कूटीवरून सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर जातोय.

पहिल्या रविवारी बदकं पाचपन्नास तरी होती. दुसऱ्या रविवारी निम्मी. काल मोजून सात. लेकीनं वहीत लिहिलंय, 'बदके कमी होत आहेत. कारण शोधणे.' कारण शोधणे माझ्याकडे आलंय.

दुसरी गोष्ट. काल पाणी आटून जिथं चिखल उघडा पडलाय, त्याच्या कडेला गवतात एक पक्षी बसला होता. कोंबडीएवढा. पाठ भरताच्या वांग्याच्या रंगाची, मान पिवळट मातकट. एकटाच, पुतळ्यासारखा. दहा मिनिटं बघत होतो, हलला नाही. मी पर्समधून फोन काढेपर्यंत गायब! तिथंच कुठंतरी बसलेला एक साधा पांढरा बगळा तेवढा उडून गेला. फोटोत नुसतं गवत आलंय, म्हणून टाकत नाही.

तर प्रश्न दोन. चैत्रात आपल्याकडच्या तलावांवर काय बघायला मिळतं? आणि हा वांगी रंगाचा कोण?

शेंगाचटणी | २३ मार्च, सकाळी १०.५५

एकटाच, पुतळ्यासारखा, दहा मिनिटं हलत नाही, चेहरा वांग्यासारखा. ताई, ते आमचे शाखाधिकारी आहेत. ३१ मार्च जवळ आला की असेच होतात.

बार्शीकर_काका | २३ मार्च, सकाळी ११.२०

भारद्वाज! शंभर टक्के भारद्वाज. तांबूस पंख, गवतात फिरतो, एकटा असतो. पाडव्याच्या आठवड्यात भारद्वाज दिसला म्हणजे वर्ष चांगलं जाणार. लॉटरीचं तिकीट घ्या.

शेळगीकरीण | २३ मार्च, दुपारी १२.०५

काका, भारद्वाज आमच्या मागच्या कडुनिंबावर रोज येतो, तो ओळखते हो. त्याला लांब काळं शेपूट असतं. याला शेपूट असल्यासारखं वाटलंच नाही. भारद्वाज काही दहा मिनिटं गप्प बसत नाही.

मोहोळचा_पाहुणा | २३ मार्च, दुपारी १२.३०

जांभळी पाणकोंबडी असेल. तुम्हीच म्हणताय कोंबडीएवढा.

माळरान | २३ मार्च, रात्री ९.१५

जांभळी पाणकोंबडी निळी-जांभळी असते आणि कपाळावर लालभडक टिळा. पहिल्या नजरेत तो टिळाच दिसतो. ताईंनी टिळ्याचं काही म्हटलेलं नाही. शिवाय ती सारखी शेपटी उडवत चालते, तिला पुतळा होणं जमायचं नाही.

बदकांचं सांगतो. वहीत 'कमी होत आहेत' लिहून घाबरू नका, ती माघारी निघालीत. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही सगळी थंडीची पाहुणी. चक्रवाक लडाख-तिबेटकडं जाऊन पिल्लं काढतो. आपल्याकडं ऊन तापायला लागलं की तिकडं बर्फ वितळायला लागतं. भुवई बदक जरा रेंगाळतं, एप्रिलमध्येही कधी कधी दिसतं. उजनी धरणावर पट्टकादंब येतात, डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या असलेले हंस. ते तर हिमालय ओलांडून जातात. एवढ्या उंचीवर आपल्याला दोन पावलं टाकताना धाप लागेल, आणि हे पंख मारत जातात.

जी सात उरली होती त्यांच्या चोची बघितल्या का? काळी चोच, टोकाला पिवळी, आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके असतील तर ते हळदीकुंकू बदक. ते कायमचं इथलंच.

शेळगीकरीण | २३ मार्च, रात्री ९.४०

अगं बाई! लाल ठिपके होते! मला वाटलं काहीतरी जखम झालीय. हळदीकुंकू हे खरंच नाव आहे की तुम्ही चेष्टा करताय?

माळरान | २३ मार्च, रात्री ९.४४

खरंच नाव आहे. चोच बघा, दुसरं काय नाव देणार?

शेंगाचटणी | २३ मार्च, रात्री ९.५०

चैत्रगौरीचं हळदीकुंकू सुरूच आहे. सात जणी आल्या म्हणजे चांगली उपस्थिती. कैरीची डाळ आणि पन्हं ठेवा काठावर.

करमाळेकर | २४ मार्च, सकाळी ७.३०

हिप्परगा ठीक आहे, पण पक्षी बघायचे तर उजनीला या. आणि भिगवणला जाऊ नका, आमच्या बाजूला या. सगळं जग 'भिगवणचे रोहित' (म्हणजे फ्लेमिंगो) म्हणतं, पुण्याच्या गाड्या तिकडं जातात. धरण माढा तालुक्यात, पाण्याचा अर्धा काठ करमाळ्याचा, नाव मात्र भिगवणचं. केत्तूर, कुगावच्या काठावर उभं राहिलं तर तेच रोहित आपल्या बाजूनं दिसतात, नावेचं भाडं नाही, गर्दी नाही.

बार्शीकर_काका | २४ मार्च, सकाळी ८.१०

पाणी तर तुमचं आणि पुण्याचं. आमच्या नळाला पाच दिवसांनी येतं, तेही रात्री दोनला. पक्ष्यांना रोज चोवीस तास. पुढच्या जन्मी टिबुकली व्हावं म्हणतो.

करमाळेकर | २४ मार्च, सकाळी ९.००

काका, टिबुकलीलाही घागर घेऊन बुडी मारावी लागते :)

पण पाण्याचा विषय काढलात म्हणून सांगतो. आपल्या जिल्ह्यात 'उजनी मायनसमध्ये गेली' म्हटलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा. उपयुक्त साठा संपला की उणे टक्के मोजायला लागतात. आमच्याकडं मोटारींचे पाइप शेतकरी दर आठवड्याला पुढं सरकवतात, चर खणतात, केबल वाढवतात. माझ्या चुलत्यानं एका उन्हाळ्यात पाइप चार वेळा पुढं नेला.

आणि नेमकं तेच रोहितांना हवं असतं. त्यांचं जेवण उथळ पाण्यातल्या चिखलात, शेवाळ आणि बारीक किडे. मान खाली घालून चोच उलटी करतात आणि चिखल गाळून खातात. पाणी फार खोल असेल तर पाय टेकत नाहीत. धरण भरलेलं राहिलं तर ते उशिरा येतात, थोडे येतात. पाणी हटत गेलं की रोज नवा चिखल उघडा पडतो, म्हणजे रोज नवं ताट. माझा चुलता पाइप घेऊन पाण्याच्या मागं धावतो आणि रोहितही. दोघं एकाच काठावर असतात, एक रडत, एक जेवत.

माळरान | २४ मार्च, सकाळी ९.२०

हे लय भारी लिहिलंत.

काळीमाती | २४ मार्च, दुपारी २.१५

मी मंगळवेढ्याचा. पक्षी बघायला कुठं जावं लागत नाही, पक्षीच आमच्याकडं येतेत. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या येतेत. काळं डोकं, गुलाबी अंग, दिसायला नवरीवाणी. हजारोंनी उतरतेत. एक थवा पट्ट्यात बसला की कणसं अर्धी. जानेवारीभर माळ्यावर उभं राहून गोफण फिरवली, खांदा अजून दुखतोय. तुम्ही लोक दुर्बिणीतून बघून 'व्वा' म्हणता. मालदांडीचं बी, खत, भांगलण कोण देणार?

शेळगीकरीण | २४ मार्च, दुपारी ३.००

दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण 'नवरीवाणी' म्हणालात ना!

माळरान | २४ मार्च, रात्री ८.३०

काळीमाती दादा, भोरडी म्हणजेच पळसमैना. फाल्गुनात पळस-पांगारा फुलला की त्यावर मध प्यायला गोळा होतात, म्हणून ते नाव. आता एप्रिलमध्ये त्या मध्य आशियात जातील. तिकडं त्यांचा मुख्य आहार टोळ आणि नाकतोडे. चीनच्या शिनजियांग भागात टोळ आटोक्यात राहावेत म्हणून त्यांना घरटी करायला दगडांचे ढीग रचून देतात. तिथला शेतकरी यांची वाट बघतो.

काळीमाती | २४ मार्च, रात्री ८.४१

मग तिकडंच राहावं की. इकडं कशाला येतेत, आमची ज्वारी काय टोळ हाय?

शेंगाचटणी | २४ मार्च, रात्री ८.४३

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. भोरड्यांनी वाचलं असणार.

काळीमाती | २४ मार्च, रात्री ९.१०

एक सांगायचं राहिलं. परवा ज्वारी काढलेल्या रानात टिटवीची अंडी सापडली. घरटं म्हणायला काही नाही, ढेकळांत चार खडे गोल मांडलेत तेवढंच. चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला, चवलीच्या नाण्यावाणी नीट लावलेली. रंग मातीचा, त्यावर काळे डाग. चप्पल पडता पडता राहिली. टिटवी डोक्यावर अशी ओरडत होती की विचारू नका.

रान नांगरायचं होतं. ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, पंधरा फूट सोड. तो हसला. सोडलं.

बार्शीकर_काका | २४ मार्च, रात्री ९.३५

टिटवीनं उंचवट्यावर घातलीत की खोलगटात? उंचावर घातली असतील तर पाऊस जोरात, असं आमचे आजोबा सांगायचे.

काळीमाती | २४ मार्च, रात्री ९.४०

बांधाजवळ उंचावर हायेत काका. पण गेल्या वर्षी खोलात घातली होती आणि पाऊस धो धो पडला. टिटवीचा काही भरवसा नाही, हवामान खात्यावाणीच.

रेल्वे_लाइन्स | २५ मार्च, सकाळी ६.५०

मी गेली काही वर्षं कंबर तलावावर (आता धर्मवीर संभाजी तलाव म्हणायचं) फिरायला जाते. तिथली जलपर्णी काढून काढून थकतात, पुन्हा येते. पण खरं सांगू का, जलपर्णी असते तेव्हा कमळपक्षी आणि पाणकोंबड्या छान दिसतात. लांब बोटांनी पानावरून टकटक चालतात, बुडत नाहीत. म्हणून मला वाटतं सगळी काढू नये.

मोहोळचा_पाहुणा | २५ मार्च, सकाळी ८.००

ताई, असं कसं म्हणता? जलपर्णीनं अख्खं तळं झाकलं की खाली ऊन जात नाही, हवा जात नाही, मासे मरतात. दोन पाणकोंबड्यांसाठी तळं घालवायचं? बदकांना उतरायला मोकळं पाणी लागतं. ती तर आसपास फिरकत नाहीत.

रेल्वे_लाइन्स | २५ मार्च, सकाळी ८.३०

मी 'सगळी' काढू नये म्हटलंय. वाचा नीट.

माळरान | २५ मार्च, सकाळी ९.१०

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात. जलपर्णी मुळात दक्षिण अमेरिकेतली, इथं तिला खाणारं फारसं कोणी नाही. शहराचं सांडपाणी आलं की ती फोफावते. काठावर थोडं देशी गवत, लव्हाळं, पाणकणीस राहिलं तर कमळपक्ष्याचं भागतं, जलपर्णीच लागते असं नाही. आणि ताई, कमळपक्ष्यावर आता लक्ष ठेवा. थंडीत तो मळकट दिसतो, उन्हाळ्यात त्याला लांब वळणदार काळी शेपटी येते आणि मानेमागं सोनेरी पट्टा. शिवाय त्यांच्यात अंडी बाप उबवतो. मादी अंडी घालते आणि दुसरा नवरा शोधायला जाते.

शेंगाचटणी | २५ मार्च, सकाळी ९.१२

आमच्या हिला हा धागा दाखवू नका कुणी.

अक्कलकोट_रोड | २६ मार्च, रात्री १०.२०

एक अनुभव. दोन वर्षांपूर्वी नान्नजला काळवीट बघायला गेलो. लपण म्हणून बायकोनं घरातली सोलापुरी चादर दिली, लाल-हिरवी, मोर असलेली. ती पांघरून माळावर तासभर बसलो. काळवीट तर सोडाच, एक गाय सुद्धा अर्ध्या किलोमीटरवरून वळून गेली. शेवटी मेंढ्या चारणारे एक आजोबा जवळ येऊन म्हणाले, "का बे, काय करुलालास? लग्नाचं वऱ्हाड चुकलं का?"

बार्शीकर_काका | २६ मार्च, रात्री १०.३०

😂😂 चादर ओरिजिनल होती का पण?

मोहोळचा_पाहुणा | २७ मार्च, सकाळी ७.४५

नान्नज निघालं म्हणून विचारतो. हिप्परगा इंग्रजांनी आदिला नदी अडवून १८७१ साली बांधला. एवढा जुना तलाव, इतके पक्षी. त्याला अभयारण्य का करत नाहीत?

अक्कलकोट_रोड | २७ मार्च, सकाळी ८.२०

नको रे बाबा. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, घरं, सगळं आलं. आमच्या नातेवाइकांची जमीन त्यात. विकायची तर अडचण, विहीर-बांधकामाची परवानगी काढायची तर चकरा. पुढं क्षेत्र कमी करून १,२२२ वर आणलं, पण तोवर लोकांच्या मनात माळढोक म्हणजे कटकट असं पक्कं बसलं. ज्या पक्ष्यासाठी एवढं केलं तो आता दिसला तर नशीब.

माळरान | २७ मार्च, रात्री ९.००

यात दोष पक्ष्याचाही नाही आणि शेतकऱ्याचाही नाही. माळरान म्हणजे 'पडीक' असं कागदावर लिहिलं की त्यावर झाडं लावतात, सौर पॅनेल टाकतात, वीजवाहिन्या नेतात. माळढोक जड पक्षी, त्याला समोरचं नीट दिसत नाही, तारांना धडकतो. हिप्परग्यात तेवढी मोठी भानगड नाही. अभयारण्याचा फलक न लावताही भागेल. वीणीच्या तीन महिन्यांत चिखलाच्या पट्ट्यावर गाड्या नेल्या नाहीत, एवढं झालं तरी पुरे. शेकाट्या पक्षी तिथंच जमिनीवर अंडी घालतो.

करमाळेकर | २७ मार्च, रात्री ९.३०

गाड्यांवरून आठवलं. मागं पाहुण्यांसोबत नावेतून गेलो होतो, ठिकाण आणि नाववाला सांगत नाही. शेजारच्या नावेतले लोक फरसाण उधळत होते, कुरव (सीगल) गोळा व्हावेत आणि फोटो यावा म्हणून. तिखट शेव! आमचा नाववाला म्हातारा, तो एकच वाक्य बोलला, "यांना जाताना हजारो मैल जायचंय, पोट बिघडलं तर कोण बघणार?" फोटो मात्र फार सुंदर आले असतील. मार्चमध्ये कुरवाचं पांढरं डोकं हळूहळू तपकिरी होत जातं. त्या दिवशी एकाचं अर्धंच झालं होतं, टक्कल पडलेल्या माणसानं कलप अर्धा लावून सोडावा तसं.

पण खरं दृश्य नदी सुरयाचं. पिवळी चोच, काळी टोपी. पाणी उतरलं की मधे छोटी बेटं उघडी पडतात, त्यावर ते अंडी घालतात. नर चोचीत मासा धरून मादीसमोर उभा राहतो. ती बघत नाही. हा दोन पावलं पुढं जातो, पुन्हा मासा दाखवतो. ती पाठ फिरवते. मी वीस मिनिटं पाहिलं. शेवटी तिनं मासा घेतला आणि गिळून उडून गेली. हा तिथंच.

शेंगाचटणी | २७ मार्च, रात्री ९.३३

माझी कांदेपोह्याची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?

रेल्वे_लाइन्स | २८ मार्च, दुपारी १.००

भादलवाडीच्या तलावात बाभळींवर चित्रबलाकांची घरटी असतात. इंदापूर तालुका आहे, पण आपल्याकडून जाऊन येता येतं. एकेका बाभळीवर पाच-सहा कुटुंबं. अशा वसाहतीला 'सारंगागार' हा शब्द आपल्या सोलापुरातच जन्मलेल्या वनाधिकाऱ्यानं मराठीला दिला. मला तो शब्द फार आवडतो, म्हणून लिहिलं. पिल्लांचा आवाज मात्र शब्दाइतका गोड नाही.

पूर्वभाग | २९ मार्च, दुपारी ४.१०

मूळ प्रश्न सगळे विसरलेत. वांगी रंगाचा!

आमच्या अव्वाला (आजी, वय ८२) हा धागा वाचून दाखवला. ती पूर्वी विड्या वळायची, आता दिवसभर खिडकीत. लहानपणी तेलंगणात तळ्याकाठी राहायची. मी वाचलं, "कोंबडीएवढा, हलत नाही, मग गायब, आणि एक पांढरा बगळा उडाला." ती म्हणाली, "अरे, दोन पक्षी नव्हतेच. गुड्डी कोंगा आहे तो." तेलुगूत गुड्डी म्हणजे आंधळा, कोंगा म्हणजे बगळा. आंधळा का, तर माणूस अगदी जवळ जाईपर्यंत हलत नाही, जणू दिसतच नाही त्याला. आणि बसला की मातीचा, उडाला की पांढरा.

पण मग पाठ वांगी रंगाची कशी, ते अव्वाला विचारलं तर म्हणाली, "लग्नाचे दिवस आलेत त्याचे."

माळरान | २९ मार्च, रात्री ९.२०

अव्वांना माझा साष्टांग नमस्कार. मी आठवडाभर भोरड्या आणि कमळपक्षी सांगत बसलो आणि हे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

वंचक! ढोकरी पण म्हणतात. वंचक म्हणजे फसवणारा. एरवी पाठीवर मातकट, रेघारेघांचा, गटारीपासून तळ्यापर्यंत सगळीकडं असतो, कुणी ढुंकून बघत नाही. उडाला की पंख पांढरेशुभ्र. वीणीच्या दिवसांत पाठ तांबूस-वांगी होते, डोक्यामागून पांढरी पिसं लोंबतात. यंदा हा जरा लवकर नटलाय. घरटी पावसाळ्यात, झाडावर.

शेळगीकरीण ताई, तो साधा पांढरा बगळा तुमचाच पक्षी होता.

शेळगीकरीण | २९ मार्च, रात्री ९.४५

मी हसूनहसून लोटपोट. आमच्या गल्लीच्या नाल्यावर रोज बसतो तो? त्याच्यासाठी मी इथं आठवडाभर सगळ्यांना कामाला लावलं?

बार्शीकर_काका | २९ मार्च, रात्री ९.५०

तरी पण भारद्वाजही असू शकतो.

शेळगीकरीण | ५ एप्रिल, सकाळी ११.३०

आज पुन्हा गेलो. त्याच जागी होता! या वेळी लेकीला आधीच सांगितलं, पक्ष्याकडं बघ, फोनकडं बघू नको. आम्ही दोघी पाऊल पाऊल करत गेलो. दहा-बारा फुटांवर पोहोचलो तरी तो जागचा हलला नाही. चोचीचं मूळ निळं, मधे पिवळी, टोक काळं. डोक्यामागून दोन पांढरी पिसं वाऱ्यानं हलत होती, बाकी सगळा दगड. डोळा पिवळा, आमच्याकडंच होता. मग एक पाय इतक्या हळू उचलला की मला वाटलं मीच हलले. तेवढ्यात मागून कुणाची तरी गाडी आली आणि तो उडाला. धुतलेला पांढरा सदरा झटकावा तसे पंख उघडले. वांगी रंग कुठं गेला कळलंच नाही.

लेकीनं वहीत आधीचं वाक्य खोडलं. आता लिहिलंय: 'बदके गेली. वंचक राहिला.' बाई किती गुण देतात बघू. पूर्वभाग, अव्वांना सांगा, त्यांचं नाव वहीत टाकलंय.

पूर्वभाग | ५ एप्रिल, दुपारी १२.१५

सांगितलं. म्हणाली, फोटो काढला का? नाही म्हटलं. म्हणाली, बरं केलं.

शेंगाचटणी | ५ एप्रिल, दुपारी १२.२०

पुढच्या रविवारी मीही येतो. कडक भाकरी आणि चटणी माझ्याकडं. फरसाण आणणाऱ्याला करमाळेकर पाण्यात ढकलतील.

काळीमाती | ८ एप्रिल, दुपारी ३.३०

इकडं ४१ अंशावर गेलंय. टिटवी अजून बसून हाय. आज एक गोष्ट बघितली ती सांगतो. भर दुपारी ती उठली, शेततळ्यावर गेली, पाण्यात पोट बुडवून बसली, ओल्या पोटानं परत येऊन अंड्यांवर बसली. तासात तीन वेळा. तोवर दुसरी तिथं सावली धरून उभी. मी लिंबाखाली भाकरी खात होतो, जेवायचं विसरलो.

माळरान | ८ एप्रिल, रात्री ९.००

दादा, अंडी थंड ठेवण्यासाठी ती तसं करते. फार कमी लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

काळीमाती | ८ एप्रिल, रात्री ९.२५

आमच्या म्हातारीनं पण बघितलं. म्हणाली, ओला टॉवेल डोक्यावर टाकायची अक्कल तुझ्यापेक्षा तिला जास्त हाय.

शेळगीकरीण | १६ एप्रिल, रात्री ८.१०

दादा, टिटवीचं काय झालं?

काळीमाती | १९ एप्रिल, सकाळी ७.२०

चारातली तीन फुटली. काल संध्याकाळी बघितलं तर पिल्लं मातीत पळत होती, हातात धरावी एवढीशी, पाय मात्र अंगापेक्षा लांब. आई ओरडली की जागच्या जागी ढेकूळ होतेत, मग सापडत नाहीत. चौथं अंडं तसंच हाय, त्यावर आता कोणी बसत नाही.

सकाळी बघितलं तर ती सगळी बांधापलीकडं गेलेली. रोटर उद्या लावतो.